दुसऱ्या वर्षीचं बी

हायब्रीडचं बी घरचं धरू नये, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. एकदा धरून पाहिलं की पुढच्या हंगामात रानच सांगतं. पहिल्या वर्षी एका उंचीत वाढलेलं, एकदमच निसवलेलं पीक दुसऱ्या वर्षी कुठे उंच, कुठे खुजं. काही ताटं आधी पोटरीत, काही मागाहून. उतारा तर आणखी खाली. यात जमिनीचा दोष नसतो आणि खताचाही नसतो. संकरित झाडात दोन निरनिराळ्या वाणांची गुणसूत्रं शेजारी शेजारी नांदत असतात. ते झाड स्वतःचं बी धरायला लागलं की या जोड्या फुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि प्रत्येक दाण्याच्या वाट्याला वेगळंच काही येतं.

ही वाटणी होऊच द्यायची नाही, या एका कामात एका संशोधक बाईंची पंचविशीनंतरची सगळी वर्षं गेली. त्या मूळच्या वरूडकडच्या, शिक्षणाने वनस्पतिजनुकशास्त्रज्ञ. काही वर्षं देशात, काही परदेशात, पुन्हा देशात अशा त्या हिंडल्या. संस्था बदलल्या, पिकं बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला. झाडाने नेहमीसारखं फुलावं, नेहमीसारखं बी धरावं, पण त्या बियात स्वतःचीच हुबेहूब प्रत ठेवावी. निसर्गात हे घडतं आणि त्याला ॲपोमिक्सिस म्हणतात. ज्यांवर माणूस जगतो त्या भात, गहू, मका, ज्वारी यांत मात्र ते आपलं आपण घडत नाही.

विद्यार्थिदशेत त्यांनी कोकणात भाताच्या बीजोत्पादनाचा प्लॉट पाहिला. कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हे संकरित भाताचं वाण दिलं होतं आणि संकरित भाताविषयी तेव्हा बरीच उत्सुकता होती. भाताचं फूल सकाळी दहाच्या पुढे उघडतं आणि तासाभरात मिटतं. तेवढ्या वेळात नर ओळींवरून दोरी ओढून पराग उडवायचे, तेही दोन-तीनदा. मादी ओळ नरवंध्य. तिची लोंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर येत नाही म्हणून जिबरेलिक ॲसिड फवारायचं. झेंडापान आड येतं म्हणून ते छाटायचं. दोन्ही ओळी एकाच वेळी फुलाव्यात म्हणून पेरण्या मागेपुढे करायच्या. शिवाय त्या नरवंध्य ओळीचं बी टिकवायला तिसरी एक ओळ वेगळीच सांभाळायची. एवढ्या खटाटोपातून जे बी मिळतं ते एका हंगामापुरतं. शेतकऱ्याला बी महाग पडतं ही तक्रार खरीच आहे. ते महाग का पडतं, हे त्यांना दोरीच्या टोकाला उभं राहिल्यावर कळलं.

कापसात तर दोरीही चालत नाही. संकरित कापसाचं पहिलं वाण, एच-४, सुरतेहून १९७० मध्ये आलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढे मराठवाड्यात संकरित बियाण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. कापसाच्या क्रॉसिंगचं काम बहुतांशी बायकाच करतात. दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्यांतले पुंकेसर नखाने सोलून काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल त्यावर फिरवायचं. एकेक बोंड असं हाताने घडवलेलं असतं.

पण बी धरूनही आईसारखंच निघणारं झाड त्यांनी या सगळ्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं इतकंच.

वरूडजवळचं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. संत्र्याचा डोळा चढवायला खुंट लागतो तो जंबेरीचा किंवा रंगपूर लाइमचा, आणि हे खुंट बियांपासून वाढवतात. त्यांच्या घरचीही रोपवाटिका होती. गादीवाफ्यावर जंबेरीची रोपं उगवली की मजूर बाया त्यांतून निवड करत. सारखी रोपं ठेवायची, पानाची ठेवण वेगळी किंवा वाढ विचित्र असेल ती उपटायची. एक म्हातारी बाई दुरूनच सांगे, “थे परकं हाय, काढून टाक.” एकेका बीमधून दोन-दोन, तीन-तीन अंकुर येत, याचंही कुणाला नवल नव्हतं.

पुढे एमएस्सीला असताना बीजांडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना त्या वाफ्याचा उलगडा झाला. जंबेरीच्या बीजांडात परागातून आलेल्या नराचा आणि अंडपेशीचा मिलाफ होऊन एक भ्रूण बनतो. त्याच वेळी भोवतालच्या, निव्वळ आईच्या उतीतल्या पेशीही आपापले भ्रूण तयार करतात आणि बहुधा हेच भ्रूण जोमाने वाढून पहिल्याला मागे टाकतात. वाफ्यावरची सारखी रोपं म्हणजे आईच्या प्रती. म्हातारी ज्यांना परकी म्हणे ती मिलाफातून जन्मलेली. शेंदुरजनाघाटचा सगळा धंदा ॲपोमिक्सिसवर उभा आहे आणि तिथे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, हे त्या आजही हसून सांगतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही आंब्यांच्या कोयीतूनही असेच अनेक अंकुर निघतात. आपला हापूस मात्र एका अंकुराचा, म्हणून त्याची कोय रुजवून हापूस मिळत नाही, कलमच बांधावं लागतं.

लिंबूवर्गातलं हे कोडं २०१७ मध्ये चीनच्या संशोधकांनी बरंचसं सोडवलं. एका जनुकाच्या पुढच्या, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आहे. ज्या जातींत तो आहे तिथे एका बीमधून अनेक अंकुर येतात. २०२२ मध्ये डँडेलियन या रानफुलातलं असंच जनुक सापडलं, वेगळ्याच कुळातलं आणि वेगळंच काम करणारं. तिथेही जनुकाच्या दाराशी असाच एक भटका तुकडा बसलेला निघाला. त्यांना यातली गंमत अशी वाटते, की निसर्गाने नवं यंत्र बनवलेलंच नाही. जुनंच जनुक चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी सुरू झालं आणि झाडाचं त्यावाचून काही अडलं नाही.

या विषयाचा इतिहास त्या वर्गात शिकवतात तेव्हा दोन माणसांवर रेंगाळतात. लंडनच्या क्यू उद्यानातले जॉन स्मिथ हे पहिले. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका झुडपाची फक्त मादी झाडं तिथे होती, नर झाड नव्हतंच. तरी ती बी धरत होती आणि ते बी रुजत होतं. १८४१ साली स्मिथ यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. दुसरा ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यावरचं त्याचं काम सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर त्याने हायरॅसियम हे रानफूल घेतलं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकं बहुधा गाळतात. त्या फुलाचे पुंकेसर इतके बारीक, की आरसा आणि भिंग लावून काम करताना त्याचे डोळे बिघडले. आणि निष्कर्ष काय आला? वाटाण्याच्या बरोब्बर उलट. पहिल्या पिढीत वैविध्य आणि पुढच्या पिढ्यांत तंतोतंत सारखेपणा. १८६९ साली त्याने हे वाचून दाखवलं तेव्हा त्याचा उलगडा त्याला झाला नव्हता. हायरॅसियम बीमार्फत स्वतःच्या प्रती काढतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. “स्वतःच्याच नियमाला अपवाद निघाला तरी तो त्याने लपवला नाही, छापला,” हे वाक्य त्यांचे विद्यार्थी दरवर्षी ऐकतात.

पीएचडीला त्यांनी बाजरीचं एक रानटी नातलग गवत घेतलं. तेव्हा या क्षेत्राचा सगळा भर एका आशेवर होता: रानात ॲपोमिक्सिस आहे, त्याचं जनुक शोधायचं आणि संकरातून पिकात आणायचं. गवतांत ते मुबलक आहे. आपल्याकडचं अंजन गवत, चाऱ्यासाठी लावलं जाणारं गिनी गवत, ही दोन्ही बहुतांशी असंच बी धरतात. झाशीच्या चारा संशोधन संस्थेत गिनी गवतावर बरंच काम झालं आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथे वेन हॅना आणि नंतर पेगी ओझियास-अकिन्स यांनी रानटी पेनिसेटमपासून बाजरीत हा गुण आणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या संकर केले. मक्याला ट्रिप्सॅकम या रानगवताशी जुळवायचे प्रयत्न आधी सोव्हिएत रशियात नोवोसिबिर्स्कला आणि मग १९९० च्या दशकात मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेत फ्रेंच शास्त्रज्ञांनी केले. चिकाटी सगळीकडे होती. शेतात लावण्याजोगा मका किंवा बाजरी मात्र यातून निघाली नाही. गुण यायचा तेव्हा रानटी गुणसूत्राचं सगळं ओझं घेऊन यायचा आणि कणसात दाणे कमी भरायचे.

असं का होतं, याचा एक तुकडा त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात होता. जनुकाची जागा शोधायची पद्धत सरळ असते. आजूबाजूच्या खुणा पिढ्यांमधून कशा तुटतात ते पाहायचं. जी खूण गुणापासून कधीच तुटत नाही ती सर्वांत जवळची. त्यांच्या गवतात कुठलीच खूण तुटत नव्हती. रोपात एक तर सगळ्या खुणा असत नाही तर एकही नसे. गुणसूत्राचा तो मोठा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या अदलाबदलीतून बाहेर राहिलेला होता, म्हणून आत नेमकं कुठलं जनुक आहे ते वेगळं काढता येईना. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, “मग तुम्हाला सापडलं काय?” त्यांनी सांगितलं, “एक बंद पेटी.” पदवी मिळाली. पण बाहेरून आणायचा हा रस्ता फार लांबचा आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं ते तेव्हापासून. टिफ्टनच्या गटाने मात्र त्या पेटीतून एक जनुक काढलंच. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं, की ते साध्या बाजरीत घातलं तर फलनाशिवाय अंडपेशीतून भ्रूण तयार होतो. बातमी वाचली त्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना जिलबी वाटली, स्वतःचं काम नसूनही.

वळण त्याआधीच येऊन गेलं होतं, आणि ते हैदराबादला. सीसीएमबी या संस्थेत इम्रान सिद्दीकी आणि त्यांचे विद्यार्थी ॲराबिडोप्सिसवर काम करत होते. हे मोहरीच्या कुळातलं इवलंसं तण जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत घरोघरी असतं. त्यातली ‘डायड’ नावाची एक बिघडलेली ओळ जवळजवळ वांझ होती. एरवी अशी ओळ बाजूला पडते. या गटाने तिच्यातले मोजके दाणे रुजवून गुणसूत्रं मोजली, तर रोपांत दोनऐवजी तीन संच निघाले. म्हणजे अंडपेशीने आपले संच निम्मे न करता आईचा सगळा वारसा जसाच्या तसा ठेवला होता आणि त्यावर परागाचा एक संच पडला होता. २००८ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं. एका जनुकाच्या बिघाडाने ॲपोमिक्सिसचा अर्धा भाग साध्या झाडात घडू शकतो, हे त्या मोजक्या दाण्यांनी दाखवलं.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हर्सायच्या इन्रा संस्थेत राफाएल मेर्सिए यांच्या गटाने ते पद्धतशीर केलं. अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे वाटणीच्या त्या सोहळ्यात, तीन गोष्टी वेगळ्या घडतात: जोडीतली गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात, पहिल्या फेरीत जोड्या फुटतात, आणि मग दुसरी फेरी होते. त्यांनी प्रत्येकासाठी एक अशी तीन जनुकं बंद केली. उरलं ते साधं सूत्री विभाजन, जसं मुळाच्या टोकाशी रोज चालतं. या तिहेरी बदलाला प्रयोगशाळेत ‘माइम’ म्हणतात. २०१६ पर्यंत तो भातातही करून झाला.

“आम्ही इतकी वर्षं कुणाकडून तरी काहीतरी आणायला निघालो होतो. इथे तर घरातलंच काही बंद करायचं होतं,” असं त्या म्हणतात. या एका विचारापायी त्यांनी रस्ता, देश आणि पीक तिन्ही बदललं. गवत सुटलं, भात आला.

अर्थात हा अर्धाच रस्ता. आईचा सगळा वारसा असलेल्या अंडपेशीवर पराग पडला की संच वाढतात, पुढच्या पिढीत दुप्पट होतात. प्रत हवी तर अंडपेशीने परागाची वाट न पाहता भ्रूण बनायला सुरुवात करायला हवी. भ्रूणाला फलन लागतंच असं नाही, हे भारतात जुनं ज्ञान आहे. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकोशातून थेट रोपं उगवून दाखवली होती. पण अंडपेशी थांबते कशामुळे?

याचं उत्तर कॅलिफोर्नियात डेव्हिसला मिळालं. व्यंकटेशन सुंदरेशन यांच्या प्रयोगशाळेत इम्तियाझ खांडे आणि सहकाऱ्यांना दिसलं, की भाताच्या अंडपेशीत बीबीएम-१ हे जनुक झोपलेलं असतं. फलनानंतर लगेच ते चालू सापडतं, आणि तेही बापाकडून आलेलं. नर भ्रूणाला जे देतो त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे ही सुरुवात. मग त्यांनी अंडपेशीतच हे जनुक चालू होईल अशी सोय केली आणि तिला माइमची जोड दिली. डिसेंबर २०१८ मध्ये निबंध आला. बीमधून आईची हुबेहूब प्रत देणारा भात तयार झाला होता. चांगल्या ओळींत साधारण तीस टक्क्यांच्या आसपास दाणे प्रती होते. हांगचौच्या चिनी गटाने दुसरं एक जनुक बंद करून प्रत्यक्ष संकरित भातात २०१९ मध्ये तेच दाखवलं, पण लोंब्या बहुतेक पोचट राहिल्या. २०२२ च्या अखेरीस फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या गटाने डेव्हिसबरोबर काम करून संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेलं आणि ते पुढच्या पिढ्यांतही टिकलं.

निबंधातली वाक्यं अशी दोन ओळींत संपतात. त्यांचे दिवस मात्र चिमटा, कात्री आणि लोंब्या मोजण्यात जात. नवीन ओळीचं पहिलं रोप काचगृहात आलं की आठवडेच्या आठवडे काहीच करायचं नसतं. मग एकदम लोंब्या येतात आणि प्रत्येक फूल भरलं की पोचट राहिलं ते पाहायचं असतं. भरलेला दाणा रुजवायचा, कोवळं पान ब्लेडने बारीक चिरून फ्लो सायटोमीटरमध्ये घालायचं आणि पेशीत गुणसूत्रांचे संच किती ते पाहायचं. दोन असले तर प्रत असण्याची शक्यता, चार असले तर अंडपेशीने शेवटी परागाला आत घेतलंच. काही वर्षांनी त्यांना यंत्राआधीच कळू लागलं. चार संचांच्या रोपाचा दाणा जाड, त्याला लांब कुसळ, लोंबी मात्र विरळ. नव्या विद्यार्थ्यांना यंत्र लावण्याआधी त्या डोळ्यांनी वर्गवारी करायला लावतात. मुलं कुरकुरतात. नंतर तीच मुलं दुरून रोप ओळखायला लागतात.

एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली की बहुतेकांना धक्का बसतो. या भाताला पराग लागतोच. भाताच्या दाण्यात आपण खातो तो पिष्टमय भाग म्हणजे भ्रूणपोष, आणि तो तयार व्हायला स्वतंत्र फलन व्हावं लागतं. अंडपेशी नराशिवाय पुढे जाते, शेजारची पेशी मात्र नराशिवाय हलत नाही. म्हणून परागही धड असावे लागतात, हवामानही धड असावं लागतं. याचा फटका त्यांना एका उन्हाळ्यात बसला. त्या जिथे होत्या तिथल्या काचगृहाची थंड हवेची यंत्रणा ऐन फुलोऱ्यात बंद पडली आणि दुरुस्तीचा कागद टेबलांवर फिरत राहिला. भात फुलताना पारा पस्तिशीच्या वर गेला तर पराग निकामी होतात. सगळ्या लोंब्या पोचट. एका तरुण सहकाऱ्याने हताश होऊन लिहून टाकलं की ओळच वांझ आहे. त्यांनी त्याला शेजारच्या साध्या, काहीही बदल न केलेल्या रोपांच्या लोंब्या दाखवल्या. त्याही पोचट होत्या. प्रत्येक ट्रेमध्ये साधी रोपं लावायचीच हा त्यांचा हट्ट होता. जागा वाया जाते म्हणून त्यावर पूर्वी वाद झाले होते. त्यानंतर झाले नाहीत.

कष्टांपेक्षा अवघड निघाली ती एक पेचाची गोष्ट. जनुकं बंद करायला क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राची साधनं झाडात घालावी लागतात. एरवी काम झाल्यावर ती काढून टाकणं सोपं असतं: पुढच्या पिढीत वाटणी होते, ज्या रोपात साधन गेलं नाही ते निवडायचं. इथे वाटणीच थांबवलेली. प्रत म्हटली की साधनासकट प्रत. भारतात मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने, बाहेरचं जनुक न ठेवता केलेल्या जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून वगळलं, आणि मे २०२५ मध्ये ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राईस १’ ही भाताची दोन संपादित वाणं जाहीरही झाली. माइमची तीन जनुकं नुसती बंद करायची तर ती या सवलतीत बसू शकतात. बीबीएम-१ हे भाताचंच जनुक असलं तरी त्याला अंडपेशीत चालू करणारा कळीचा तुकडा ॲराबिडोप्सिसचा आहे. तिथे सवलत संपते. भाताच्या स्वतःच्याच डीएनएत बारीक फेरफार करून तेच साधायचं, यावर आता त्यांचा भर आहे.

गावी गेल्या की चुलतकाका विचारतात. एकदा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, “मंग कंपनीवाले तुले हे करू देतीन काय वं पोरी?” शास्त्रज्ञांच्या परिषदांत हा प्रश्न वेगळ्या भाषेत फार आधीपासून चालू आहे. इटलीत बेलाजिओ इथे १९९८ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एक जाहीरनामा काढला आणि हे तंत्र पेटंटांत अडकून मूठभरांच्या हाती जाऊ नये, सगळ्यांना वापरता यावं, असं मांडलं. तेव्हा हातात तंत्रच नव्हतं. आज ते भातात आहे, आणि त्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पेटंटंही आहेत. दरवर्षी नवं बी विकून चालणारा धंदा, घरी धरता येणारं हायब्रीड उत्साहाने बाजारात आणेल असं त्यांना वाटत नाही. अर्थात कंपन्यांचाही त्यात एक फायदा आहे: दोरी, छाटणी, फवारणी, तीन ओळी सांभाळणं हे सगळं वाचतं. म्हणून त्यांचं मत ठाम आहे. पहिली स्वयंप्रती वाणं सार्वजनिक विद्यापीठांची असावीत, ज्यांचे आईबाप आधीच लोकांच्या पैशातून तयार झाले आहेत.

त्यांचा दुसरा आग्रह बाजरीतून आलेला आहे. एचबी-१ ही देशातली पहिली संकरित बाजरी १९६५ मध्ये आली. तिची मादी ओळ, टिफ्ट २३ए, त्याच जॉर्जियातल्या टिफ्टनहून आणलेली. उत्पादन वाढलं, त्याच मादी ओळीवरची आणखी वाणं आली, शेतंच्या शेतं एका आईची झाली. आणि १९७१ मध्ये गोसावी रोगाची मोठी साथ आली. कणसाच्या जागी पानांचा झुबका. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागातले म्हातारे शेतकरी ते वर्ष अजून सांगतात. प्रती काढणं सोपं झालं की सगळ्यांना एकच उत्तम वाण हवं होणार आणि मग एका बुरशीला सगळं रान मोकळं. गावागणिक वेगळी, दहा-वीस निरनिराळी वाणं द्यायची तयारी असेल तरच हे तंत्र शेतात न्यावं, असं त्या सांगतात. एकाच वाणासाठी न्यायचं असेल तर काचगृहातच बरं. सभांमध्ये हे वाक्य फारसं आवडत नाही.

अजून बरंच व्हायचं आहे. जवळजवळ सगळं काम काचगृहांतलं आणि लहान वाफ्यांतलं आहे. कोरडवाहू रानात, अवकाळी पावसात, लागोपाठच्या हंगामांत उतारा किती राहतो हे रानातच कळेल. ज्वारीवर आणि चवळीवर जगात काम चालू आहे. कापसात आणि डाळींत भाताची कृती तशीच चालेल असं नाही.

तोवर हे वाचणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांचं एवढंच सांगणं आहे. पुन्हा विकत घ्यावं न लागणारं हायब्रीड आज आपल्याकडे कुणाकडेही नाही, ना सरकारकडे, ना कंपनीकडे. तसं सांगून कुणी पिशवी दाखवलीच तर ती घेऊ नका, तालुका कृषी कार्यालयाला कळवा. आणि हायब्रीड लावलं असेल तर त्याचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका. सरळ वाणाचं मात्र जरूर धरा.